बिनतर्रीची पंगत

ज्यांच्या छातीत नुकतीच स्प्रिंग बसली आहे, जे दवाखान्यातून घरी येऊन पलंगावर पडल्या पडल्या वरचे पत्रे बघत आहेत आणि ज्यांना वाटतं की आपला खेळ आटोपला, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आटोपला-बिटोपला काही नाही. उठून बसा आणि वाचा.

मी दिनकर. धामणगाव बढ्याच्या पुढं आमचं गाव, तालुका मोताळा. वांगी, मिरची आणि सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवतो, उरलेल्या वावरात सोयाबीन. पण गावोगावी लोक मला ओळखतात ते पंगतीची भाजी करणारा म्हणून. लग्न असो, तेरवी असो, भंडारा असो, कढईजवळ दिनकर पाहिजे. बारावीपर्यंत शिकलोय, त्यामुळं लिहायला बसलो की शाळेतली मराठी येते. बोलायला लागलो की वऱ्हाडी. माणसं जशी बोलली तशीच लिहिली आहेत, हसायचं त्यानं हसावं.

बोटभर तवंग

आमच्याकडच्या पंगतीत वांग्याची भाजी म्हणजे सगळं काही. गोड काय होतं ते लोक संध्याकाळपर्यंत विसरतात, भाजी कशी होती ते वर्षभर बोलतात. आणि भाजी चांगली म्हणजे काय, तर तिच्यावर तर्री किती. तर्री म्हणजे रश्शावर तरंगणारं लालभडक तिखट तेल. मी ती बोटभर जाडीची आणायचो. सोयाबीनच्या तेलाचे पिपे कढईत उपडे करताना माझा हात कधी आखडला नाही.

भाजी उतरली की पळीनं तर्री अलगद वेगळ्या बादलीत काढायची. ती बादली घेऊन यजमान स्वतः पंगतीत फिरतो. पाहुणा जेवढा मोठा, तेवढी त्याच्या ताटात तर्री जास्त. व्याही जेवायला बसला की पहिली पळी तर्रीचीच पडली पाहिजे. ती चुकली म्हणून रुसून ताटावरून उठलेले व्याही मी डोळ्यांनी पाहिलेत.

भाजीचा निकाल मात्र ताटावर लागत नसे. तो लागायचा हात धुवायच्या ड्रमजवळ. तिथं दगडावर कपड्याच्या साबणाची वडी ठेवलेली असायची. आमच्या गावचे पुंडलिकदादा, वय पंच्याहत्तरीच्या पुढं, पंगतीतले पक्के जाणकार. ते हात धुवून यायचे, बोटं एकमेकांवर घासून बघायचे, उरलेलं तेल मिशीला लावायचे आणि ओरडायचे, "दोनदा साबण लावला तरी तेल जाऊन नाई राह्यलं! वा रे दिनकर!" तेवढं ऐकलं की दिवसभर धुरात डोळे फोडल्याचं सार्थक व्हायचं.

या कामाचे पैसे कुणी घेत नाही. पण मान असतो. पुऱ्या तळून कढईत जे तेल उरतं, ते भाजी करणाऱ्याच्या घरी जातं. एक झाकणाचा डबा माझ्या घरात त्या मानासाठीच ठेवलेला होता. लगीनसराईत तो कधी रिकामा राहायचा नाही. काळपट, दाट तेल, वास थोडा उग्र. माझी बायको सुनंदा त्यातच फोडणी द्यायची, त्यातच भजी तळायची, उरलं की पुन्हा डब्यात ओतायची. पाहुण्याला तो डबा दाखवताना मी छाती फुगवायचो. पुढं त्या छातीचं काय झालं ते सांगतो.

पित्त

हनुमान जयंतीचा भंडारा होता. सकाळपासून चुलीजवळ उभा. मसाला तेलात पडला, वास सुटला आणि माझ्या छातीवर कुणी धान्याचं पोतं ठेवल्यासारखं वाटलं. डावा जबडा दुखायला लागला. दाढ दुखतेय की काय म्हणून मी तोंडात बोट घालून पाहिलं. घाम तर असा सुटला की टोपी भिजली. पण चुलीजवळ घाम येणारच, त्यात काय नवल?

"पित्त झालं बे," मी जोडीदारांना म्हणालो. सोडा आणवला, प्यायलो, ढेकर दिला. दोन मिनिटं बरं वाटलं. कुणीतरी म्हणालं, बाजूला बसा. बसतोय कसला! भाजी उतरवल्याशिवाय मी कढई सोडलेली नव्हती आजवर.

दुपारी सुनंदा मानाचा डबा भरून न्यायला आली. तिनं डबा बघितलाच नाही, माझं तोंड बघितलं.

"अवो, तुमचं तोंड असं राखेवाणी काऊन झालं?"

"पित्त हाय. तू डबा भर."

"आग लागो त्या डब्याले! उठा आधी."

मी हट्टानं पुन्हा पळी उचलली, आणि पळीच हातातून गळून पडली. मग मला दोघांनी धरून मोटारसायकलवर मध्ये बसवलं आणि धामणगावला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली, कागदाकडं पाहिलं, आणि त्यांचा आवाजच बदलला. "हे पित्त नाही. झटका आहे. ही गोळी चघळा, गाडी बोलावतो, लगेच जळगावला."

मी पहिलं काय विचारलं असेल? "आणि भाजी?" डॉक्टर माझ्याकडं बघतच राहिले. सुनंदानं कपाळावर हात मारला. आज हसू येतं, पण वाचणाऱ्यांनो, ऐका. छातीवर वजन, जबड्यात नाहीतर हातात कळ, गार घाम असलं काही झालं तर सोडा पीत बसू नका. माझं नशीब बलवत्तर की मला बायको तापट मिळाली.

काचेच्या आत

जळगावच्या दवाखान्यात मनगटातून तार घालतात. गुंगीत नव्हतो, सगळं कळत होतं. नंतर डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं, नस कुठं अरुंद झाली होती आणि स्प्रिंग टाकल्यावर रक्त कसं धावलं. मला ते चटकन समजलं. ठिबकच्या नळीत क्षार बसला की शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही, तसंच हे. इतकी वर्षं मी वांग्याच्या नळ्या धुवत होतो, स्वतःची नळी कोण धुणार?

दवाखान्यातले दिवस सगळे सारखे. सकाळी रक्त काढायला येणार, मग स्पंजिंग, मग बिनमिठाची खिचडी. ती खिचडी बघून मला रडूच आलं. चमच्यानं उलटी-पालटी करून पाहिली, तेलाचा एक थेंब नाही. शेजारच्या खाटेवर पारोळ्याकडचे एक मास्तर होते. ते म्हणाले, "खा हो भाऊ, जिवंत माणसालाच बेचव लागते." त्या वाक्यावर मी अख्खी खिचडी संपवली.

भीती वाटली का? वाटली. लपवून काय करू? मशीनचा आवाज जरा बदलला की मी नर्सबाईंना हाक मारायचो. सगळ्यात मोठी भीती रेणुकाची. रेणुका माझी एकुलती एक लेक. तिचं लग्न ठरलेलं होतं, दिवाळीनंतरची तारीख. जन्मली त्या दिवसापासून मी सांगत आलो होतो की गावातल्या सगळ्या पोरींच्या लग्नाची भाजी मी केली, माझ्या पोरीच्या लग्नाची भाजी अशी करीन की व्याही नाव काढतील. आणि आता मी खाटेवर, नळ्या लावून. लग्नाला असेन तरी का, हाच प्रश्न होता. भाजी तर लांबच राहिली.

भेटायच्या वेळेला रेणुका आत आली. तिनं पर्समधून कंगवा काढला आणि माझे केस विंचरले. मग म्हणाली, "बाबा, लग्न पुढं ढकलू का?"

"ढकलून पाह्य," मी म्हणालो, "टंगडी मोडतो तुही."

ती हसली आणि बाहेर जाऊन रडली. ते मला काचेतून दिसलं.

व्याहीही भेटायला आले. शेषराव त्यांचं नाव, गाव सुलतानपूर, लोणार तालुक्यातलं. धिप्पाड माणूस, आवाज माईक लावल्यासारखा. नर्सबाईंनी दोनदा हळू बोलायला सांगितलं. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "व्याही, तुम्ही फक्त बरे व्हा. पंगतीचं आचारी बघतील." चांगल्या मनानं बोलले होते, पण आचारी हा शब्द माझ्या स्प्रिंगला जाऊन लागला.

हार्टचं तेल

घरी आलो, तेव्हा ओटा माणसांनी भरला. प्रत्येकाजवळ तेलाचा इलाज. कुणी म्हणे घाण्याचंच खा. कुणी म्हणे तेल सोडा, तूप खा. एकानं मोबाईलवर दाखवलं की सोयाबीनचं तेल म्हणजे निव्वळ जहर. दुसऱ्यानं त्याच मोबाईलवर दाखवलं की तेच सगळ्यात चांगलं. एक आत्या तर जन्मभराचा निकाल देऊन गेली की आता तेलाचा वासही घ्यायचा नाही. घरात बियाण्याचं सोयाबीन ठेवलेलं होतं, त्याच्याकडं मी चोरासारखं बघायला लागलो.

सुनंदानं सगळ्यांचं ऐकलं आणि स्वतःचा निर्णय घेतला. मोताळ्याच्या बाजारातून ती एक पिवळा कॅन घेऊन आली. त्यावर लाल बदामाचं चित्र आणि पळणारा माणूस. तिनं तो देवासमोर ठेवला, हळदकुंकू लावलं.

"हे हार्टचं तेल हाय. आता भेव नाई."

आणि भेव नाही म्हणजे काय, तर हात मोकळा! औषधच ते, जितकं पोटात जाईल तितकं बरं. भाकरीवर तेल, ठेच्यावर तेल, पिठल्यावर वरून कच्चं तेल. संध्याकाळी भजी, कारण तेल हार्टचं. मी खुशीत. इतकं गोड आजारपण कुणाच्या वाट्याला येतं? मी सकाळी गोळ्या घ्यायचो, दिवसभर तेल प्यायचो आणि पळणाऱ्या माणसाच्या चित्राकडं बघून स्वतः पडून राहायचो.

मग तपासणीला जळगावला गेलो. डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला, वजन केलं, पुन्हा रिपोर्ट पाहिला.

"तेल कोणतं वापरता?"

सुनंदानं अभिमानानं मोबाईलवर कॅनचा फोटो दाखवला.

"चांगलं आहे. किती वापरता?"

"भरपूर, डॉक्टरसायेब! हात नाई आखडला. यायच्या जिवापरीस तेल जास्त हाय काय?"

डॉक्टर आधी खो खो हसले. मग चष्मा पुसला आणि खुर्ची पुढं ओढून बसले. "ताई, तेल कोणतंही असो, ते तेलच असतं. हे चांगलं, तुमचं सोयाबीनचंही वाईट नव्हतं. पण चमच्यानं, वाटीनं नाही. आणि एकदा तळलेलं तेल परत परत तापवून खायचं नाही."

त्या शेवटच्या वाक्यावर मी आणि सुनंदानं एकमेकांकडं पाहिलं. मी डॉक्टरांना मानाच्या डब्याची सगळी गोष्ट सांगितली आणि विचारलं, "म्हणजे मले झटका त्या डब्यानं आला काय?"

"एकट्या डब्यावर आळ घेऊ नका," ते म्हणाले. "तुमचं बीपी होतं, तंबाखू होती, वडील याच दुखण्यानं गेले. पण डब्यानं काहीच केलं नाही असंही मी म्हणणार नाही."

एसटीत सुनंदा खिडकीबाहेर बघत बसली.  घरी आल्यावर ती चुलीपुढं बसली आणि एकदम हंबरडाच फोडला. "म्याच घातलं तुमाले ते काळं तेल! माह्याच हातानं!"

मला तिचा इतका राग आला की विचारू नका. राग तिच्या रडण्याचा. जिनं मला कढईपासून ओढून काढलं, ती स्वतःला दोष देत होती. "चूप बैस," मी ओरडलो. "डबा आणे कोण? मी आणो. मान कोनाचा? माहा. तू नसती तर आज फोटोले हार राह्यला असता." मग मलाही रडू आलं. आम्ही दोघं लग्नाला इतकी वर्षं झालेली म्हातारी माणसं, चुलीपुढं बसून पोरांसारखी रडलो. रेणुका दारात आली, तिनं आमच्याकडं पाहिलं, आणि फडताळातून तो डबा उचलून बाहेर घेऊन गेली. त्यातलं तेल तिनं वावराच्या फाटकाच्या बिजागऱ्यांना घातलं. फाटक तेव्हापासून करकरत नाही.

दुसऱ्या दिवसापासून कॅनच्या मुठीला दोरीनं पोह्याचा एक चमचा बांधलेला दिसला. सुनंदाचा कायदा. कॅन उचलायचा तर चमचा सोबत येणारच.

दवाखान्यातली भाजी

आता खरी लढाई. माझ्या हाताला पिपा माहीत होता, चमचा माहीतच नव्हता. पहिल्या दिवशी घरी चमच्याच्या तेलात वांग्याची भाजी केली. मसाला खाली लागला, रस्सा पांढुरका, वर पाणी आणि खाली वांगी. रेणुका एक घास खाऊन म्हणाली, "बाबा, हे त दवाखान्यातली भाजी झाली." सुनंदा तोंडाला पदर लावून हसली. मी ताट सरकवून वावरात निघून गेलो.

तिथं बांधावर बसून विचार केला. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, म्हणून रोज वावरापर्यंत चालायचो. आधी अर्ध्या वाटेत दम लागायचा, बाभळीखाली बसावं लागायचं. त्या दिवशी रागाच्या भरात न थांबता पोचलो होतो आणि मला ते कळलंच नव्हतं! कळलं तेव्हा मी एकटाच मोठ्यानं हसलो. वांग्याचा तोडा करणाऱ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. म्हटलं, दिनकर, तुझी छाती सुधरून राह्यली, आता भाजी कशी नाही सुधरत?

मग मी पेटलो. तेल मसाल्याची चव बाहेर काढतं, हे खरं. पण चव आधीच बाहेर काढून ठेवली तर? कांदे निखाऱ्यात पुरून भाजले. लसूण, धने, तीळ कोरड्या तव्यावर. खोबरं फक्त नावाला, तेही सुकं भाजून, कारण त्याच्यातही तेल असतंच. लाल मिरच्या मंद आचेवर भाजल्या, जळू दिल्या नाहीत. सगळं पाट्यावर वाटलं. वांगी आधी अंगच्या पाण्यात शिजवायची, झाकणावर पाणी ठेवायचं, आणि तेच गरम पाणी भाजीत घालायचं. फोडणी फक्त मोहरी-जिऱ्यापुरती.

कितीदा बिघडली ते सांगत नाही. एकदा कडू झाली, एकदा इतकी घट्ट की भिंतीला लिंपता आली असती. गल्लीतली कुत्री माझ्यावर खूश होती. आणि मग एक दिवस झाकण काढलं तर वास असा उठला की शेजारची बाई वाटी घेऊनच आली. सुनंदानं चाखलं.  पुन्हा चाखलं.

"जमली काय?" मी विचारलं.

"वाढा," ती म्हणाली.

तेवढ्यावर मी जाहीर करून टाकलं की रेणुकाच्या लग्नाची भाजी मी करणार, आणि बिनतर्रीची करणार.

घरात भूकंप! सुनंदा म्हणाली, भाजी करा, पण उचलायचं काही नाही, खुर्चीवर बसून सांगायचं, ढवळायला पोरं आहेत. ते मी मान्य केलं. पण बातमी पुंडलिकदादांच्या कानावर गेली आणि ते काठी टेकत घरी आले.

"काय बे दिनकर, डोकं ठिकाण्यावर हाय काय? व्याह्याच्या ताटात पाणी वाढशीन? पोरीले जलमभर टोमणे आयकाले लावशीन?"

"दादा, भाजीच वाढतो."

"तर्री नाई तं भाजी कायची? तुले खाची नशीन त नको खाऊ. लोकाईले काऊन उपाशी मारतं?"

"लोकाईले मारू नाई म्हणूनच."

ते पाय आपटत निघून गेले. पण त्यांचं वाक्य माझ्या डोक्यात रुतलं. पोरीला टोमणे. रेणुकाला बाजूला बोलावून विचारलं, "तू सांग. तुह्या मनात नसन त आचारी बोलावतो. पिपाभर तेल टाकू दे त्याले." ती म्हणाली, "बाबा, मले तर्री नोको. मले माहेरी आल्यावर बाप पाहिजे." संपला विषय.

पंगत

लग्नाच्या दिवशी पहाटेच कढई चढली. मी खुर्चीवर, अंगावर नवा सदरा, हातात पळी. पोरं ढवळत होती, मी ओरडत होतो. पुऱ्या बेतातूनच काढून टाकल्या होत्या. गल्लीतल्या बायांनी पोळ्या लाटायला घेतल्या. तळणच नाही, तर उरलेलं तेलही नाही. भाजी उतरली तेव्हा छातीवर हात ठेवून पाहिलं. आत सगळं शांत होतं. मग हात-पाय धुवून मुलीचा बाप झालो आणि लग्नाला उभा राहिलो.

दुपारी व्याह्यांची पंगत बसली. शेषराव मधोमध, आजूबाजूला सुलतानपूरची मंडळी. भाजी वाढून झाली आणि सगळे थांबले. आधी तर्रीची बादली आली पाहिजे ना! पुंडलिकदादा समोरच्या रांगेत हातावर हात ठेवून बसलेले, आता कसा तोंडावर पडतो बघू म्हणून. मी भाजीनं भरलेली पळी घेऊन शेषरावांच्या ताटापुढं उभा राहिलो.  

शेषरावांनी पळीत पाहिलं. मग माझ्या तोंडाकडं. मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "व्याही, तर्री कुठंय?"

 मी पळी तशीच धरून म्हणालो, "व्याही, तुमच्या वाट्याची तर्री मी आयुष्यभर खाऊन बसलो. तिच्यापायीच माह्या छातीत स्प्रिंग हाय. तुमी माह्या पोरीचे सासरे. तुमच्या छातीत मले स्प्रिंग नोको. म्हणून आज पहिली पळी भाजीची."

 शेषरावांनी पोळीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, तोंडात घातला. दुसरा घास. तिसरा. मी पळी धरून उभाच. मग त्यांनी रिकामी वाटी माझ्यासमोर धरली आणि गडगडाट करून हसले. "अहो, बघत काय राहिलात? एक पळी नाही, दोन टाका! हिला लई चव हाय!"

पंगत पुढं सरकली ती सरकतच राहिली. वांगी संपत आली तेव्हा पोरांना पोळ्यांचा हिशेब सोडून पुढच्या पंगतीसाठी भाजी राखून ठेवावी लागली. आणि पुंडलिकदादा?  मी त्यांच्यापुढून जाताना त्यांनी मान दुसरीकडं फिरवली, आणि वाटी तेवढी माझ्याकडं पुढं केली. मी भरली. परत येताना पाहिलं तर वाटी पुन्हा पुढं.

पाठवणीची वेळ झाली. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो, डोळे भरलेले. सुनंदा हात धुवायच्या ड्रमकडून येताना दिसली. तिनं येऊन माझ्या तळहातावर काहीतरी ठेवलं. साबणाची वडी. सकाळी दगडावर ठेवली होती तशीच, कोऱ्या कडांची, कोरडी. एवढी माणसं जेवून हात धुवून गेली, आणि कुणाला तिची गरज पडली नव्हती.

"घ्या," ती म्हणाली, "हा तुमचा मान."

मी ती वडी सदऱ्याच्या खिशात घातली, तिथंच, स्प्रिंगच्या वर, आणि लेकीला गाडीपर्यंत माझ्या पायांनी चालत पोचवायला गेलो.